ग्रीन्स्टेडच्या लाकडी चर्चवर आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

दादा, वेळ काढून एवढं सविस्तर लिहिलंत, आभार. तुमचं म्हणणं असं की एसेक्समधल्या ग्रीन्स्टेडच्या चर्चचं वय तज्ज्ञच बदलत बसतात, १८४८ च्या दुरुस्तीनंतर तिथे जुनं काही उरलंच नाही, आणि आपल्या कार्ल्याच्या चैत्यात दोन हजार वर्षांपूर्वीच्या लाकडी कमानी असताना इंग्रजांच्या एका खेड्याचं कौतुक कशाला.

वय बदललं हे खरंय. आधी लाकडातल्या वलयांवरून ८४५ च्या आसपासचं सांगत होते, मग १९९५ मध्ये नव्याने तपासलं तेव्हा झाडं १०६३ ते ११०८ च्या दरम्यान तोडलेली निघाली. म्हणजे चर्च एकदम दोनशे वर्षांनी तरुण झालं, गावाच्या मोठेपणाला धक्का देणारा निकाल, तरीही तो मान्य झाला. मला तर यामुळेच तो आकडा विश्वासाचा वाटतो.

दुरुस्तीत नेमकं काय झालं ते बघा. ओकचे ओंडके उभे चिरून, गोल बाजू बाहेर आणि सपाट बाजू आत, असे एकाला एक लावून भिंत उभी केलीय, फटीतून वारा येऊ नये म्हणून दोन ओंडक्यांच्या मध्ये लाकडाची पट्टी बसवलेली. बुडं कुजली होती, १८४८ ला तेवढीच कापली आणि खाली विटांचा पाया घातला. वरचा ओंडका तोच आहे, तासणीच्या खुणा अजून दिसतात! पूर्वेकडचा भाग ट्यूडर राजांच्या काळातल्या (साधारण १४८५ ते १६०३) विटांचा, घंटेवर १६१८ साल कोरलेलं, प्रत्येक पिढीने आपापल्या ऐपतीप्रमाणे हात लावलाय. आणि कार्ल्याच्या कमानींबद्दल मला प्रचंड आदर आहे, पण त्या खडकाच्या पोटात आहेत, इथली लाकडी भिंत नऊशेहून जास्त वर्षं इंग्लंडच्या पावसात उघडी उभी आहे, दोन्हीची तुलनाच नको.

राहिलं इंग्रजांचं कौतुक. डॉर्सेटमधल्या टॉलपडलचे सहा शेतमजूर, मजुरी कमी करत आणली म्हणून संघटना काढली आणि गुप्त शपथ घेतली, एवढ्यासाठी १८३४ मध्ये त्यांना सात वर्षांची काळ्या पाण्यासारखी शिक्षा देऊन ऑस्ट्रेलियाला पाठवलं. लोकांनी एवढं आंदोलन केलं की १८३६ ला माफी द्यावी लागली. परत आल्यावर त्यातल्या काहींना वर्गणीच्या पैशांतून याच ग्रीन्स्टेडमध्ये शेती मिळाली आणि त्यांच्यातल्या जेम्स ब्राइनचं लग्न १८३९ मध्ये याच चर्चमध्ये लागलं, मुलगी सोबतच शिक्षा भोगलेल्या थॉमस स्टँडफील्डची. पुढे बहुतेक जण कॅनडाला गेले. ज्या सरकारवर तुमचा राग आहे त्याच सरकारने चिरडलेली ही माणसं, त्यांचं गाव मी का सोडू? पुढच्या भागात त्यांच्या शेतांबद्दलच लिहिणार आहे, तोही वाचा आणि पटलं नाही तर असंच मोकळेपणाने सांगा.