९७ विरुद्ध ०, पण साडेचार वर्षांनी

श्री श्रीनिवासन यांचं नाव निघालं की आपल्याकडे दोन गोष्टी हमखास सांगितल्या जातात. जन्म चंडीगढचा, आणि अमेरिकेच्या सिनेटने ९७ विरुद्ध ० मतांनी त्यांना न्यायाधीश केलं. दोन्ही खरं. पण ती खुर्ची रिकामी किती काळ होती, हे कुणी विचारत नाही.

वॉशिंग्टनचं डी.सी. सर्किट म्हणजे ११ न्यायाधीशांचं अपिली न्यायालय. पर्यावरण, दूरसंचार, कामगार अशा केंद्रीय खात्यांच्या नियमांवरचे मोठे खटले इथे येतात. तिथले न्यायमूर्ती रँडॉल्फ नोव्हेंबर २००८ मध्ये नियमित कामातून बाजूला झाले. राष्ट्राध्यक्षांकडून सिनेटकडे श्रीनिवासन यांचं नाव गेलं जून २०१२ मध्ये. सुप्रीम कोर्टात सरकारतर्फे आणि खासगी वकील म्हणून मिळून वीसहून अधिक खटले लढवलेला माणूस, तरी त्या वर्षी सिनेटच्या न्यायसमितीपुढे त्यांच्या नावावर सुनावणीच लागली नाही. निवडणुकीचं वर्ष होतं. सिनेटच्या नियमानुसार मुदतीत निकाली न निघालेलं नामांकन राष्ट्राध्यक्षांकडे परत जातं, तसं तेही गेलं. जानेवारीत पुन्हा पाठवलं. १० एप्रिल २०१३ ला सुनावणी, १६ मे ला न्यायसमितीत १८ विरुद्ध ०, २३ मे ला सभागृहात मतदान. काम होतं जेमतेम सहा आठवड्यांचं!

एक अडथळा इथे मुळातच नव्हता. एरवी उमेदवाराच्या राज्यातल्या दोन्ही सिनेटरांकडे संमतीसाठी निळा कागद जायचा, आणि तो अडकला की नाव अडकायचं. राजधानीला सिनेटरच नाहीत, त्यामुळे निळा कागदही नाही. तरी एवढा उशीर.

पुढचं तर अधिक बोलकं आहे. त्याच न्यायालयाच्या उरलेल्या ३ जागांसाठी नावं आली तेव्हा विरोधक म्हणाले, इथे कामच कमी आहे, जागा घटवा. कोंडी फुटेना, म्हणून २१ नोव्हेंबर २०१३ ला बहुमताच्या पक्षाने चर्चा थांबवून मतदान घेण्यासाठी लागणारी ६० मतांची अट साध्या बहुमतावर आणली. डिसेंबरमध्ये त्यांपैकी एक नाव, नीना पिलार्ड यांचं, ५१ विरुद्ध ४४ ने मंजूर झालं. ९७-० नंतर सात महिनेसुद्धा झाले नव्हते.

माझं स्पष्ट मत आहे की इथे दुरुस्ती चुकीच्या जागी झाली. नेमणूक तहहयात असते, तेव्हा ६० गाठायला दुसऱ्या पक्षाची पाच मतं मिळवावी लागणं चांगलंच होतं. हवी होती ती तारीख: नाव आल्यापासून अमुक दिवसांत सुनावणी, नाहीतर थेट सभागृहात मतदान. (श्रीनिवासन फेब्रुवारी २०२० मध्ये मुख्य न्यायाधीश झाले, त्यात कुणाची मर्जी लागली नाही. ६५ च्या आतला सर्वांत ज्येष्ठ कार्यरत न्यायाधीश, मुदत ७ वर्षं. नियम लिहिलेला असला की भांडण होत नाही.)

मतांची अट बदलली, तारीख मात्र कुणीच घातली नाही. मार्च २०१६ मध्ये याच न्यायालयाचे तेव्हाचे मुख्य न्यायाधीश मेरिक गारलंड यांचं नाव सुप्रीम कोर्टासाठी गेलं. सुनावणीसुद्धा न होता ते जानेवारी २०१७ मध्ये परत आलं.