ट्रेनिंगमध्ये गेलेलं पोरगंही लढाईतलंच

आमच्या सातारा जिल्ह्याला फौज नवी नाही. अपशिंगे मिलिटरीच्या तर नावातच पलटण आहे; पहिल्या महायुद्धात त्या एका गावाचे ४६ जवान कामी आले. तरीही कुणी जवान गेल्याचं कळलं की पारावर पहिला प्रश्न येतो, "बॉर्डरवर गेला का?" ट्रेनिंगमध्ये गेला म्हटलं की "अपघात होय!" म्हणून विषय बदलतो. मला हे खटकतं.

१८ नोव्हेंबर १९४२. कॅलिफोर्नियातल्या मॅदर फील्डवरून एटी-७ हे सरावाचं विमान उडालं. एक पायलट, तीन कॅडेट. विमानाला वाट कशी दाखवायची, तेच शिकायला निघालेली ही पोरं. जायचं उत्तरेला, कॉर्निंगकडे. विमान कोसळलं भलतीकडेच, सिएरा नेवाडात, माउंट मेंडेलच्या हिमनदीवर. १९४७ साली अवशेष सापडले, पण कोण कुठला ते ओळखण्यासारखं काही उरलं नव्हतं. जे थोडेफार अवशेष हाती लागले, ते चौघांच्या नावाने एकाच कबरीत ठेवले.

कुठल्याही सरकारने तिथे फाईल बंद केली असती. पण २००५ मध्ये गिर्यारोहकांना बर्फात एक देह दिसला, पाठीवर न उघडलेलं पॅराशूट. लष्कराने तपासण्या करून नाव काढलं: लिओ मस्टोनेन, वय २२. त्याला मिनेसोटातल्या त्याच्या गावी, ब्रेनर्डला नेऊन पुरलं. आईवडील तोवर राहिले नव्हते, हा भाग वेगळा. २००७ मध्ये दुसरा सापडला, ग्लेन मन.

यांच्यावर शत्रूची एक गोळीही सुटली नव्हती. दुसऱ्या महायुद्धात खुद्द अमेरिकेच्या भूमीवर विमान अपघातांत सुमारे १५ हजार माणसं गेली. लढाई तोंडावर, पायलट हवे होते हजारोंनी, म्हणून मिसरूड फुटलेली पोरं घाईघाईने तयार करून आभाळात पाठवायची. मग त्यांना मारलं कुणी, हवामानाने की युद्धाने?

आपल्याकडेही ७ फेब्रुवारी १९६८ ला चंदीगडहून लेहला निघालेलं हवाई दलाचं एएन-१२ रोहतांगच्या भागात १०२ जणांसह गडप झालं. तेव्हा लढाई नव्हती. तरी २००३ मध्ये अवशेष मिळाल्यावर शोध सुरूच राहिला, आणि २०२४ साली, ५६ वर्षांनी, आणखी चार देह खाली आणले. लष्कराला फरक पडत नाही, मग आपल्या पारालाच का पडावा?

शौर्यपदकाचे निकष वेगळे असतील, असू देत. पण गावच्या स्मृतिस्तंभावर ट्रेनिंगमध्ये गेलेल्याचं नाव त्याच ओळीत, त्याच मापाच्या अक्षरांत कोरलं पाहिजे. येत्या ग्रामसभेत हा ठराव मी मांडणार आहे. अनुमोदनाला कोण कोण येतंय ते खाली लिहा.