इस्त्रीवाल्याचा कोळसा: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

त्सोलफेराइनवरच्या माझ्या लेखाखाली ‘निखारा’ या नावानं आलेली प्रतिक्रिया तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी वाचली असेल. तिथल्या तिथे दोन ओळी लिहून विषय संपवणार होते, पण लिहायला बसले आणि लांबत गेलं, म्हणून उत्तर वेगळं टाकते आहे. मूळ लेख ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी: जर्मनीत एसेन शहराच्या उत्तर भागात त्सोलफेराइन नावाची कोळशाची खाण होती. १८४७ साली सुरू झाली, १९८६च्या डिसेंबरात बंद पडली. तिला लागून असलेल्या कोक भट्ट्या (दगडी कोळसा भाजून पोलाद कारखान्यांसाठी कोक करायच्या) १९९३पर्यंत चालल्या. आज त्या सगळ्या आवारात संग्रहालयं आहेत, नृत्याचं केंद्र आहे, मैफली होतात, आणि २००१ पासून जागा युनेस्कोच्या यादीत आहे. मी गेले, मला आवडली, असा एकंदर लेख.

निखारा यांचं म्हणणं असं (शुद्धलेखन माझं, बाकी सगळं त्यांचं):

“मॅडम, तुम्ही कोळसा बहुधा इस्त्रीवाल्याच्या गाडीवरच पाहिला असेल. तिकीट काढून खाण बघायची, कॉफी प्यायची आणि त्याला संस्कृती म्हणायचं. लेखात नारिंगी जिना आहे, कामगार कुठे आहेत? आजूबाजूच्या वस्तीत किती लोक बेकार आहेत ते विचारलंत का? आमच्या गिरणगावात हेच झालं, तेव्हाही तुमच्यासारखे लोक मॉलचं कौतुक करत होते.”

आपण वेळ काढून वाचलंत, प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल आभार. टीकेला माझी ना नाही. पण टीका करायची तर सरळ करावी. ‘मॅडम’ म्हणून सुरुवात करायची आणि पुढच्याच शब्दाला टोमणा मारायचा, ही कुठली रीत? समोर बसून बोलत असतो तर हे वाक्य तुमच्या तोंडून निघालं नसतं, याची मला खात्री आहे. टोपणनावाआडून धीर येतो, त्याला काय करणार.

एक गोष्ट मान्य करते. त्या नारिंगी सरकत्या जिन्यावर मी दोन परिच्छेद खर्च केले, ते जरा जास्त झाले. एकात भागलं असतं. पण तो जिना शोभेचा नाही, हेही त्याच परिच्छेदांत लिहिलं होतं, आणि ते बहुधा तुमच्या नजरेतून सुटलं. कोळसा धुण्याच्या इमारतीत कच्चा माल पट्ट्यावरून आधी पार वर जायचा आणि मग एकेक टप्पा खाली उतरत निवडला, धुतला जायचा. तो ५८ मीटर लांबीचा जिना माणसाला कोळशाच्याच वाटेनं चोवीस मीटरवर नेऊन सोडतो, आणि रुहर संग्रहालय (रुहर म्हणजे एसेनच्या आसपासचा कोळशाचा प्रदेश) तिथून खाली उतरत बघायचं असतं. मजल्यांना पहिला, दुसरा अशी नावंच नाहीत. सतरा मीटर, बारा मीटर, सहा मीटर. यंत्रांच्या पायाशी जाईपर्यंत आपण त्या प्रदेशाच्या आजपासून इतिहासापर्यंत पोचलेलो असतो. यात कॉफी कुठे आली?

आता इस्त्रीवाला. इस्त्रीवाल्याच्या गाडीवर असतो तो लाकडी कोळसा. खाणीतून निघतो तो दगडी. कामगारांचा कैवार घेऊन दुसऱ्याला धडे देणाऱ्या माणसाला एवढा फरक ठाऊक असायला हरकत नव्हती.

आणि राहिला प्रश्न मी कोळसा कुठे पाहिला याचा. माझा जन्म चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका कॉलरीच्या, म्हणजे कोळसा खाणीच्या, क्वार्टरमधला. बाबा ‘खाली’ जायचे. आमच्याकडे कोणी खाणीत जातो असं म्हणत नसत, खाली जातो म्हणत. इन्क्लाइनची खाण होती, म्हणजे पाळणा (खाणीतली लिफ्ट) वगैरे काही नाही, उतरत्या बोगद्यानं पायी चालत जायचं आणि शिफ्ट संपली की तोच चढ चढून वर यायचं. घरात कोळशाची कमी नव्हती. अंगणात शेगडी पेटवून ठेवायची, धूर ओसरेपर्यंत आत आणायची नाही, हे मला पाढ्यांच्या आधी आलं. पांढरे कपडे दोरीवर दुपारभर राहिले तर संध्याकाळी पुन्हा धुवायचे. आमच्या भागातला कोळसा आपोआप तापून पेटतो, तर साठ्याच्या ढिगाऱ्यातून धूर निघालेला आणि माणसं पाइपनं पाणी मारताहेत, हे शाळेच्या वाटेवरचं नेहमीचं दृश्य. त्याच्या पलीकडे ओबीचे डोंगर, म्हणजे खुल्या खाणीतून उकरून टाकलेल्या मातीचे. पुण्यामुंबईच्या मैत्रिणींना मी ते खरे डोंगर म्हणून सांगत असे आणि त्यांना ते पटायचंही.

लॅम्प रूमच्या खिडकीशी मी बाबांचा डबा द्यायला जायचे. आत भिंतीवर लाकडी फळा, त्यावर खिळ्यांच्या रांगा. माणूस आपला पितळी बिल्ला द्यायचा आणि टोपीचा दिवा घ्यायचा. बिल्ला त्याच्या नंबराच्या खिळ्याला लटकायचा. दिवा परत आला की बिल्ला परत. शिफ्ट सुटल्यावर फळ्यावर एखादा बिल्ला राहिला, तर तो माणूस अजून खालीच आहे. एकदा खाणीचं छत बसलं त्या रात्री कॉलनीतल्या बायका भोंग्याची वाट न बघता त्या खिडकीशी जाऊन उभ्या होत्या, आणि माझी आई त्यांत होती. बाबा आले. सगळे नाही आले. पुढे निवृत्तीनंतर बाबांचा खोकला किती वर्षं आम्ही ऐकला, ते तुम्हाला सांगायची मला गरज वाटत नाही. पण तुम्ही इस्त्रीवाला काढलात म्हणून एवढं लिहावं लागलं.

त्सोलफेराइनमध्ये आमच्या गटाला माहिती द्यायला जे गृहस्थ होते ते स्वतः खाणीत काम केलेले. तिथल्या काही फेऱ्या जुने खाणकामगारच घेतात. कामगार कुठे आहेत म्हणालात ना? ते तिथे आहेत, हेल्मेट घालून, लोकांना यंत्रं समजावून सांगत. त्यांनी खिशातून धातूचा नंबर कोरलेला बिल्ला काढला, कोणीतरी विचारलं हे काय, तर त्यांनी उत्तर द्यायच्या आत मी दिलं. मग आमचं दोघांचंच इतकं बोलणं झालं की गटातली एक जर्मन आजी वैतागली. तिथे कपडे हुकाला अडकवून साखळीनं थेट छताला चढवायची पद्धत होती: घरचे स्वच्छ एका दालनात, कामाचे काळे दुसऱ्या दालनात, मध्ये आंघोळीची जागा. आमच्याकडे बाबा काळेच घरी यायचे आणि मोरीत अर्धा तास जायचा. त्या गृहस्थांना मी हे सांगितल्यावर ते म्हणाले, फार जुन्या काळी आमच्याकडेही तसंच होतं. ज्या आंघोळीच्या इमारतीत हे सगळं चालायचं, तिच्यात आज नृत्याच्या तालमी होतात. भिंतींवरच्या फरशा अजून तशाच आहेत. मला ते बघून राग आला नाही. यावा अशी तुमची अपेक्षा असेल, तर नाइलाज आहे.

‘तिकीट काढून’ म्हणालात. आवारात शिरायला तिकीट लागत नाही. एसेनच्या मुख्य स्टेशनवरून १०७ नंबरची ट्राम पकडायची आणि गेटाशी उतरायचं. पैसे पडतात ते संग्रहालयाचे आणि माहितीच्या फेरीचे. तिथली पोरं कोक भट्ट्यांच्या कडेनं सायकली पळवत असतात, हिवाळ्यात भट्ट्यांच्या लांबीनं दीडशे मीटरची बर्फाची पट्टी करतात तिच्यावर घसरतात, उन्हाळ्यात दोन मालवाहू कंटेनर जोडून केलेल्या हौदात डुंबतात. हे त्याच वस्तीतले लोक, ज्यांची तुम्हाला काळजी आहे.

गिरणगावाचा दाखला मला मुळीच कळला नाही. गिरणगावात हेच झालं? कधी? १९८२च्या जानेवारीत संप सुरू झाला, गिरण्या एकामागून एक थंडावल्या. १९९१च्या नियमात गिरण्यांच्या जमिनीची तीन भागांत वाटणी होती: मोकळी जागा, घरं आणि मालक. २००१ साली तो नियम अशा बेतानं बदलला की वाटणी फक्त आधीच रिकाम्या पडलेल्या जमिनीची; शेड उभ्या होत्या तिथली जागा त्यातून सुटली. मग जे झालं ते लोअर परळला जाऊन बघा. चिमणी उरली असेल तर ती दुकानांच्या मधोमध. मॉलचं कौतुक मी कधी केलं, तो लेख मला दाखवा. नाही दाखवता येणार, कारण तो नाही. ‘तुमच्यासारखे लोक’ म्हटलं की पुरावा लागत नाही, हे सोयीचं असतं.

आणि जर्मनीत सगळीकडे त्सोलफेराइनसारखं झालं, असंही मी म्हटलं नव्हतं. डॉर्टमुंडला पोलादाचा मोठा कारखाना होता, फिनिक्स. २००१ साली थांबला, यंत्रं सुटी करून चीनला गेली, आणि कारखान्याच्या जागी आज तळं आहे, तळ्याकाठी महागडी घरं आहेत. छान तळं आहे. तिथे काम केलेल्या माणसाच्या नातवाला आजोबा कुठे उभे राहायचे ते दाखवायचं तर पाण्याकडे बोट करावं लागेल. त्सोलफेराइनच्या कोक भट्ट्याही चीनला विकण्याचा विचार झाला होता, तो बारगळला म्हणून त्या आज जागेवर आहेत. आमच्या कॉलरीचं हॉलेज इंजिन, म्हणजे कोळशाच्या गाड्या ओढायचं यंत्र, गॅस कटरनं कापून भंगारात गेलं, इन्क्लाइनचं तोंड बुजवलं, आणि त्यावर बाभळी आहेत. त्या बाभळींबद्दल कोणी कधी लेख लिहिला नाही, त्यामुळे तुम्हालाही कधी कोणावर रागावायची वेळ आली नाही. उभ्या राहिलेल्या वास्तूवर टीका करणं सोपं असतं. आमच्याकडे टीका करायलाही काही ठेवलेलं नाही.

राहिलेले मुद्दे. काटर्नबर्गमधली, म्हणजे खाणीला लागून असलेल्या वस्तीतली बेकारी: असेल, आहे, पण माझा लेख एका वास्तूवर होता, तो जनगणनेचा अहवाल नव्हता. कामगारांचं पुढे काय झालं: रुहरमध्ये खाणी टप्प्याटप्प्यानं बंद केल्या, बऱ्याच जणांना दुसऱ्या खाणीत घेतलं, बाकीच्यांना लवकर निवृत्ती दिली, शेवटची खाण बोट्रॉपला २०१८च्या डिसेंबरात बंद झाली. तुर्कस्तानातून १९६१च्या करारानंतर आलेले, कोरियाहून आलेले, युद्धकाळात सक्तीनं राबवलेले, यांच्यावर लिहायचं तर तो वेगळाच विषय आहे आणि संग्रहालयानं तो लपवलेला नाही. जाऊन बघा. तिथे लोक लग्नाचे फोटो काढतात वगैरे जे आणखी दोघातिघांनी तुमच्या प्रतिक्रियेखाली लिहिलं आहे, त्याला उत्तर देत नाही. लोकांनी फोटो कुठे काढावेत हे ठरवणारी मी कोण?

बाबांनी लेख वाचला. चष्मा लावून मोबाइलवर, भावाला मोठी अक्षरं करून घ्यायला लावून. त्यांचा एकच प्रश्न होता: त्सोलफेराइनच्या बारा नंबरच्या शाफ्टमधून (खाणीच्या उभ्या विहिरीतून) दिवसाला बारा हजार टन काढायचे म्हणतेस, ते धुतलेला की कच्चा? हा प्रश्न. याला म्हणतात प्रतिक्रिया. (धुतलेला, बाबा.)

पुढचा लेख ओबरहाउसेनच्या गॅसोमीटरवर आहे. ११७ मीटर उंचीची वायू साठवायची टाकी, आता आतमध्ये प्रदर्शनं भरतात. त्यातही लिफ्टवर एक परिच्छेद असणार, आधीच सांगून ठेवते. वाचायचा नसेल तर सोडून द्या, आणि वाचून काही म्हणायचं असेल तर या वेळी स्वतःच्या नावानं म्हणा.