रॅप मराठीत आणायचा तर आधी घुमटवाल्याकडे जा

गोव्यात मराठीतून रॅप करणाऱ्या पोरांनो, गळ्यातल्या साखळ्या आणि हातवारे नंतर. आधी ठेका.

१९७३ साली न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये डीजे कूल हर्क एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती आलटून पालटून वाजवत गाण्यातला नुसता ड्रमचा तुकडा लांबवायचा. रॅप त्यावर उभा राहिला. १९८६ मध्ये रन-डीएमसी या रॅप गटाने एरोस्मिथ या रॉक बँडचं जुनं गाणं त्यांनाच सोबत घेऊन केलं आणि रॉकवाल्यांच्या घरात रॅप शिरला. पंजाबी एमसीच्या गाण्यातल्या तुंबीवर (पंजाबी एकतारी वाद्य) २००३ मध्ये खुद्द अमेरिकन रॅपर जे-झी येऊन गायला. नव्या श्रोत्याला आपल्या ओळखीचा आवाज सापडला की तो थांबतो, ऐकतो.

आपला तसा आवाज गणेश चवथीच्या आरतीत आहे: शब्द मराठी, साथीला घुमट (मडक्याच्या तोंडावर चामडं ताणलेलं तालवाद्य), शामेळ हा ढोल आणि कांसाळे, म्हणजे झांजा. पण घुमटाचा तुकडा उचलून तयार बीटवर (रॅपखालच्या ठेक्यावर) डकवला की हमखास बिघडतं. घुमटाचा घुमारा आणि किक ड्रम (बीटमधला जड ठोका) दोन्ही खर्जातले, एकत्र पडले की नुसता गदळ. किक पहिल्या-तिसऱ्या ठोक्यावर ठेवा, घुमारा मधल्या जागांत येऊ द्या. आरतीची लय शेवटाकडे चढते, बीटची चढत नाही. म्हणून वादकाच्या कानात क्लिक, म्हणजे लय धरून ठेवणारी टकटक, हवीच. ठेका आठ मात्रांचा घ्या, सातचा चार ठोक्यांत मावत नाही. पावसाळी दमट हवेत चामडं सैल पडतं, म्हणून रेकॉर्डिंगआधी घुमट थोडं तापवून घ्या.

खरी गोची शब्दांत आहे. मराठी वाक्य क्रियापदावर संपतं, त्यामुळे 'येतो-जातो-खातो' अशी फुकटची यमकं मिळतात आणि चौथ्या ओळीला कान कंटाळतो. क्रियापद आधी घ्या, ओळ नामावर सोडा, यमक किमान दोन अक्षरांचं जुळवा: 'सांगतो मी गावची वाट', 'अजून चढायचा घाट'. दुसरं म्हणजे दीर्घ अक्षराला त्याची जागा द्या. वेगाच्या नादात 'पाणी'चं 'पणी' झालं, तर ऐकणारा अर्थ हरवून बसतो. इंग्रजी रॅपरचा वेग इथे जसाच्या तसा चालत नाही, आणि त्यात कमीपणाही नाही. मिनिटाला ९० ठोके धरले तर १६ बार (एक बार म्हणजे चार ठोके) सुमारे ४३ सेकंदांत संपतात. तेवढंच लिहा, टाळीवर म्हणा, श्वास कुठे तुटतो ते बघा आणि तिथला शब्द काढा.

आरतीच्या मध्येच रॅप घुसवू नका, वेगळं गाणं करा. आणि घुमट वाजवणाऱ्या काकांचं नाव श्रेयात लिहा, मानधन द्या. त्यांच्या हातांवरच तुमचं गाणं उभं आहे.