मुंबई बघायला चाललाय की बंगले?

आज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर 'एक दिवसीय मुंबई दर्शन' येऊन पडलं. पहाटे पाचला कोथरूडहून बस. सिद्धिविनायक, सी लिंकवरून एक चक्कर, एका नटाच्या बंगल्यासमोर फोटो, एका उद्योगपतीच्या टोलेजंग घरासमोर फोटो, गेटवेला वीस मिनिटं ('कृपया वेळ पाळावी', ठळक अक्षरात), चौपाटीवर भेळ, रात्री घरी. मी आपलं लिहिलं, गेटवेला जाताच आहात तर लाँचमधून घारापुरीला जाऊन या की. उत्तर आलं, 'पाण्यात काय बघायचंय?' आणि खाली हसणारे चेहरे.

तेव्हापासून डोकं सणकलंय.

अहो, ते शहर बंदरावर उभं राहिलंय! आपण मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसतो आणि 'समुद्र झाला' म्हणून यादीत खूण करतो. तो पश्चिमेचा उघडा समुद्र. बंदर पूर्वेला आहे. पावसाळी वारं बेटाच्या आडोशानं मंदावतं, म्हणून जहाजं तिकडे नांगर टाकतात. त्या अंगाला यांची बस गेटवेपुरतीच फिरकते. गेटवेला जाऊनसुद्धा मंडळी पाण्याकडे पाठ करून उभी, कारण फोटोत कमान यायला हवी. ती कमान ज्या राजासाठी बांधली तो १९११ साली आला तेव्हा तिथे म्हणे पुठ्ठ्याची प्रतिकृती होती, खरी पुरी झाली १९२४ला. राजानं तरी बोटीतून उतरताना बंदर बघितलं असेल.

माझे सासरे, अप्पा, खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले. काही वर्षांपूर्वी त्यांना घारापुरीला घेऊन गेले. लेणी बघायची म्हणून निघालो होतो. लाँच सुटली, लोक सीगलना खाऊ टाकायला लागले, आणि अप्पा खलाशाजवळ जाऊन विचारतात, "व्हिक्टोरिया डॉक कुठल्या अंगाला हो?" १४ एप्रिल १९४४. त्या डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकिन' नावाचं जहाज, पोटात स्फोटकं, कापसाच्या गासड्या आणि सोन्याच्या विटा, सगळं एकत्र! आग लागली, दोन स्फोट झाले, आसपासची वस्ती जळाली. विझवायला गेलेले ६६ अग्निशामक जवान गेले. देशभर १४ एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळतात तो त्यांच्यासाठी. अप्पांनी नोकरीभर दरवर्षी हे ऐकलेलं, जागा मात्र कधी पाहिली नव्हती.

खलाशानं क्रेनांकडे हात केला. "त्याच्या मागं."

त्यानंतर अप्पा बसलेच नाहीत. कठड्याला धरून उभे.

आणि हे विचारतात, पाण्यात काय बघायचंय. नौदलाच्या गोदीत १७५० सालची सुकी गोदी (पाणी काढून जहाज दुरुस्त करायची) आहे, जहाजं बांधणाऱ्या वाडिया घराण्याच्या हातची. त्याच घराण्यानं १८१७ साली मुंबईत सागवानी लाकडात बांधलेली 'ट्रिंकोमली' ही युद्धनौका इंग्लंडात हार्टलपूलला अजून तरंगतेय, लोक तिकीट काढून बघतात. आपले लोक काय बघतात? भिंत. कुणाच्या तरी बंगल्याची भिंत, ज्याच्या आत आपल्याला कोणी पाणीसुद्धा विचारणार नाही.

बरं, मान्य. लाँच म्हटलं की लोक घाबरतात आणि डिसेंबर २०२४ला घारापुरीच्या लाँचला झालेल्या त्या अपघातानंतर घाबरणं चूक नाही. लाइफ जॅकेट घाला, कोणी हसलं तर हसू द्या. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात. पायऱ्या शंभराच्या वर आहेत, गुडघेवाल्यांना त्रास होणार. डोली मिळते, पण अप्पांनी डोलीवाल्याला "तूच बस, मी उचलतो" म्हणून वाटेला लावलं. दम खात खात चढले. सदाशिवाच्या तीन मुखांसमोर बराच वेळ हात जोडून उभे होते. खाली येताना मात्र बोलले ते जहाजांबद्दलच. रिकामं जहाज पाण्यातून वर उचललेलं असतं, खालचा तांबडा रंग दिसतो. भरलं की तो पाण्याखाली जातो. येताना त्यांनी मला एकेक जहाज दाखवून विचारलं, हे भरलेलं की रिकामं? ऐंशीच्या घरातला माणूस हो. मला तर लेण्यांपेक्षा तेच जास्त आठवतं.

आणखी एक. ससून डॉक बघायचा तर आदल्या रात्री मुक्काम हवा, पहाटे मासळीचा लिलाव असतो. १८७५ची गोदी. कोळणी बर्फातून हात काढतात तेव्हा बोटं पांढरी पडलेली असतात, आणि त्याच हातानं पैसे मोजतात, भराभर. वास येतो. येणारच! मासे आहेत ते, अत्तर नव्हे. आणि कुणाच्या तोंडासमोर मोबाइल धरू नका, त्या कामावर असतात.

बसवाल्याला दोष देत नाही, लोक मागतात तेच तो देतो. राग ग्रुपवाल्यांचा येतो. पुण्यात कोणी पाहुणा येऊन नुसते मॉल बघून गेला तर हेच लोक त्याला शनिवारवाडा, केळकर संग्रहालय, आगाखान पॅलेस ऐकवत बसतील.

असो. येत्या शनिवारी मी चाललेय. सकाळी सव्वासातची डेक्कन क्वीन, मग गेटवे, मग लाँच. सोबत यायचं असेल त्यांनी खाली लिहा. आरक्षण ज्याचं त्यानं करायचं, टोपी आणि डबा आणायचा, आणि 'तिथे जेवण कसं असतं' हे मला विचारायचं नाही.