एम्बामिंग म्हणजे अवयवचोरी नव्हे

आखातात माणसं कामाला असलेल्या घरांमध्ये सध्या एक मेसेज फिरतोय. त्यात म्हटलंय, परदेशात वारलेल्या भारतीयाचं ‘एम्बामिंग’ (देह कुजू नये म्हणून त्यात औषध भरणं) हे किडनी, काळीज, डोळे काढून विकायचं निमित्त असतं. अंगावरचे टाके त्याचेच. मग देहात विष भरतात, म्हणून तो नीट जळत नाही. त्याला गती मिळत नाही. आपल्या संस्कृतीत असलं काही कधी नव्हतं. तेव्हा नातेवाइकांनी एम्बामिंगला ठाम नकार द्यावा. खाली ‘जनहितार्थ’.

हा जनहितार्थ मेसेज माझ्या आत्याला भजनी मंडळाच्या ग्रुपवर आला. तिचा मुलगा मस्कतला नोकरीवर असताना हार्ट अटॅकने गेला. मेसेज वाचून तिने मला फोन लावला. “अरे, आंघोळ घालताना त्याच्या मांडीला टाके होते ना? मग काय काय काढून घेतलं रे त्याचं?” पोटचा मुलगा गेलेल्या बाईच्या डोक्यात हा किडा सोडणाऱ्याला मी माफ करू शकत नाही.

आधी त्या टाक्यांबद्दल. एम्बामिंग करताना मांडीच्या सांध्यापाशी किंवा मानेजवळ छोटा छेद घेऊन मोठी रोहिणी उघडी करतात. तिच्यात नळी बसवून पंपाने फॉर्मॅलिन, मिथेनॉल, ग्लिसरीन वगैरेंचं मिश्रण सोडतात आणि शेजारच्या शिरेतून रक्त बाहेर काढतात. फॉर्मॅलिनमधल्या फॉर्मॅल्डिहाइडमुळे शरीरातली प्रथिनं एकमेकांना घट्ट बांधली जातात आणि कुजण्याची क्रिया रोखली जाते. छाती-पोटाच्या पोकळीत साचलेले द्रव लांब, पोकळ सुईने ओढून घेतात आणि तिथेही औषध सोडतात. शेवटी छेद शिवून टाकतात. अवयव जागच्या जागीच राहतात. आत्याने पाहिले ते टाके एवढ्याचे होते.

आता विक्रीचं बघू. मृतांचे अवयव प्रत्यारोपणासाठी घेतात ते बहुतेक मेंदूमृत माणसाचे, म्हणजे व्हेंटिलेटरवर हृदय अजून धडधडत असताना. काही देशांत हृदय थांबल्यावरही घेतात, पण तिथे मिनिटांचा हिशेब असतो. बाहेर काढलेलं हृदय बर्फात ठेवूनही चार ते सहा तास टिकतं, किडनी फार तर दीड दिवस. आपला 1994 चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा एकदा वाचून पाहा. मेंदूमृत्यू ठरवायला चार डॉक्टरांचं मंडळ लागतं आणि तपासणी किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा करावी लागते. एवढं सगळं आयसीयूत, जिवंत रक्ताभिसरणावर चालतं. परदेशात अचानक गेलेल्या माणसाचा देह मात्र पोलीस, मृत्युदाखला, दूतावासाचं ना हरकत पत्र, रद्द केलेला पासपोर्ट या सगळ्यात दिवसचे दिवस शवागारात असतो. त्याची किडनी कुणाला बसवणार? आणि फॉर्मॅलिनमध्ये ताठ झालेला अवयव कुठल्याही रुग्णाच्या कामाचा नसतो. किडनीचे काळे धंदे होतात, हे खरं. पण ते गरीब, जिवंत माणसाला फसवून होतात.

एक गोष्ट मान्य करतो. डोळ्याचा कॉर्निया मृत्यूनंतर सहाएक तासांपर्यंत घेता येतो. आणि मृत्यू संशयास्पद असेल तर पोस्टमॉर्टेम होतं, त्यात छातीपासून ओटीपोटापर्यंत लांब छेद असतो. विषाची शंका असेल तर जठर, यकृत, किडनीचे भाग तपासणीसाठी राखून ठेवतात. आपल्याकडे त्याला व्हिसेरा म्हणतात. असे लांब टाके दिसले तर पोस्टमॉर्टेमचा रिपोर्ट मागा. पण तो छेद तपासाचा भाग झाला. त्याचा एम्बामिंगशी संबंध नाही.

‘देह जळत नाही’ हे तर धडधडीत खोटं. श्रीदेवी 24 फेब्रुवारी 2018 ला दुबईत गेल्या, एम्बामिंग तिथेच झालं, आणि 28 तारखेला विलेपार्ल्याच्या स्मशानभूमीत त्यांना अग्नी दिला. अख्ख्या देशाने ते पाहिलं. फॉर्मॅल्डिहाइड घातक आहे, कर्करोगकारक म्हणून त्याची नोंद आहे, हे खरं. तो धोका वर्षानुवर्षं त्या वाफेत काम करणाऱ्यांना आहे. दर्शन घेणाऱ्या आईला नाही.

गती आणि संस्कृतीचं म्हणाल, तर वाल्मीकींचं अयोध्याकांड काढा. दशरथाने प्राण सोडले तेव्हा राम-लक्ष्मण वनात, भरत-शत्रुघ्न आजोळी. मुलाशिवाय अंत्यसंस्कार नकोत म्हणून अमात्यांनी राजाचा देह तेलाच्या द्रोणीत (मोठ्या भांड्यात) ठेवला आणि भरत येईपर्यंत जपला. आपलं माणूस येईपर्यंत देह राखायचा, हीच गरज तेव्हाही होती. दशरथाला गती मिळाली नाही असं कुणी म्हणतं का? आणि ज्याचा देहच सापडत नाही, त्याच्यासाठीसुद्धा आपल्या शास्त्रात पळसाच्या पानांची आकृती करून पालाशविधी सांगितलाय. मग डोळ्यांसमोर असलेल्या देहाचे विधी औषधाने कसे अडतील?

या सगळ्यात जीवघेणा आहे तो नकाराचा सल्ला. विमान कंपन्या सर्वसाधारणपणे एम्बामिंगचं प्रमाणपत्र आणि हवाबंद पेटी असल्याशिवाय मयत घेत नाहीत. नकार दिलात तर तुमचं माणूस तिथल्या शवागारात पडून राहील, नाहीतर तिथेच अंत्यसंस्कार होतील आणि घरच्यांना तोंडही दिसणार नाही. खर्चाची भीती असेल तर आधी मालकाला किंवा स्पॉन्सरला गाठा. आखातात मयत घरी पोचवायची जबाबदारी सहसा त्याच्यावर असते. तो हात वर करत असेल तर भारतीय दूतावासात अर्ज द्या. 2009 पासून तिथे भारतीय समुदाय कल्याण निधी आहे आणि ऐपत नसलेल्या कुटुंबाचं मयत मायदेशी पाठवायला त्यातून पैसे मिळतात.