'मग तेच' म्हणजे काय हो?

आज अम्माला घेऊन एका योजनेच्या केवायसीला गेले होते. मशीनवर अंगठा ठेवला, उठला नाही. पुसून ठेवला, ओला करून ठेवला, दहाही बोटं झाली. नाहीच. मग खिडकीतल्या माणसानं फॉर्म ओढला आणि न विचारताच 'गृहिणी' लिहून टाकलं. म्हटलं, अहो, ती विड्या वळते. तर म्हणतो, "घरीच बसून ना मॅडम? मग तेच."

चाळीस वर्षं! रात्री पानं भिजवायची, सकाळी कापायची, सूप मांडीवर घेऊन हजार वळायच्या, कारखान्यात नेऊन द्यायच्या, तिथं छाट काढली, म्हणजे खराब म्हणून विड्या बाजूला टाकल्या, की गप्प बसायचं. माझी बारावीपर्यंतची प्रत्येक फी त्या सुपातून आलीय. पानं वळून वळून बोटांच्या रेषा गेल्या, आणि ज्या कामानं गेल्या ते कामच नाही?

विडी वाईटच, मान्य. अम्माचा खोकला मी रोज ऐकते. पण म्हणून तिचे कष्ट खोटे होत नाहीत.

अहमदाबादच्या इलाबेन भट आठवल्या. १९७१ च्या डिसेंबरात जुने कपडे विकणाऱ्या बायकांच्या सभेतून त्यांची 'सेवा', म्हणजे स्वतःच्या कष्टावर पोट भरणाऱ्या बायकांची संघटना, उभी राहिली. नोंदणीला गेल्या तर कामगार खातं विचारतं, तुमचा मालक कोण? मालकच नाही तर लढणार कुणाशी? म्हणजे तेव्हाही 'मग तेच'! इलाबेन म्हणाल्या, संघटना कुणाच्या विरोधात असावी लागत नाही, ती आमच्या एकीसाठी आहे. एप्रिल १९७२ मध्ये नोंदणी करून घेतलीच. १९८१ ला राखीव जागांविरोधी दंगलीत त्या दलितांच्या बाजूनं बोलल्या, तर ज्या मजूर महाजनच्या, म्हणजे गिरणी कामगारांच्या संघटनेच्या, अंगणात 'सेवा' वाढली त्यानंच बाहेर काढलं. तरी टिकल्या.

आणि त्यांची बँक! १९७४ साली ४,००० बायकांनी दहा-दहा रुपये घातले. सही येत नाही म्हणून कागद अडले, तर बायकांनी रात्रभर बसून आपलं नाव गिरवलं. पासबुकावर फोटो लावले, चेहराच ओळख. इथं अम्मा समोर उभी होती आणि तो माणूस मशीनकडे बघत होता.

आपल्या सोलापुरात विडी कामगारांची लाल बावटा युनियन होती. अम्मा मला कडेवर घेऊन मोर्चाला जायची. सोलापूरजवळ कुंभारीला कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकरांच्या नावानं विडी कामगारांची १०,००० घरं झाली, २००६ ला मनमोहनसिंग आले होते. त्यातल्याच एका घरात बसून हे लिहितेय. म्हणजे घर देताना ती कामगार, आणि फॉर्म भरताना गृहिणी!

खिडकीतल्या त्या पोरावर ओरडले, ते चुकलंच. त्याच्यामागं लाइन होती. त्याचीही आई कदाचित वळत असेल.

रिक्षात अम्मा एवढंच म्हणाली, "लिहू दे गं, काम झालं म्हणजे झालं." आणि पदरात अंगठा लपवला. तो लपवलेला अंगठा डोळ्यासमोरून जात नाहीय.

उद्या तिचं विडी कार्ड, विडी कामगार म्हणून मिळालेलं ओळखपत्र, घेऊन त्याच खिडकीवर जातेय. तुमच्या घरी कुणाची बोटं उठत नसतील तर काय केलंत, खाली लिहा. आत्ता आत अम्मा उद्याची पानं भिजवतेय.